दहा घरांचं ऊन

उम्म दुरैद लिफ्टमध्ये एक तास चाळीस मिनिटं अडकल्या त्या माझ्यामुळे. हे मी आज प्रथमच कबूल करतो आहे. एरवी आमच्या इमारतीत त्या प्रकाराचं खापर अबू नज्मच्या मोटरवर फुटलेलं आहे, आणि अबू नज्मच्या डोक्यावर आधीच इतकी खापरं फुटलेली आहेत की एकाने काही फरक पडत नाही, अशी मी माझी समजूत घालून घेतली होती.

झालं असं की आमच्या जुब जन्नीन गावात वीज आली असं कुणी म्हणत नाही. 'सरकार आलं' म्हणतात. सरकार दिवसातून दोन तास येतं. कधी पहाटे, कधी भर दुपारी, न सांगता येतं आणि न सांगता जातं. उरलेले बावीस तास गल्लीच्या तोंडाशी पत्र्याच्या शेडमध्ये अबू नज्मची मोटर, म्हणजे डिझेलचा जनरेटर, धडधडते, आणि तिच्यातून घरटी पाच अँपिअर मिळतात. पाच अँपिअर म्हणजे फ्रिज, दिवे आणि टीव्ही. त्यात इस्त्री घुसली की फ्रिजने बाहेर व्हायचं. त्यामुळे सरकार आलं अशी हाळी ऐकू आली की अख्खी गल्ली हातातलं टाकून धावते. कुणी गीझर लावतं, कुणी पाण्याचा पंप, कुणी तीन दिवस तुंबलेले कपडे मशीनमध्ये कोंबतं. नमाजाला सुद्धा आमची माणसं इतक्या लगबगीने उठत नाहीत.

त्या सकाळी खालून हाळी आली, "सरकार आलं, सरकार आलं." मी दाढी करत होतो. फेसासकट धावलो आणि गीझर, वॉशिंग मशीन, इस्त्री असे तिन्ही खटके एका दमात दाबले. खाली खरोखरच सरकार आलं होतं. पोलिसांची जीप होती आणि खात्याचे दोन इन्स्पेक्टर होते. अबू नज्मचे मीटर बरोबर चालतात की पळतात, ते पाहायला आले होते.

दुसरा कुणी असता तर फार तर भार वाढून त्याच्या घरचं पाच अँपिअरचं बटण पडलं असतं. पण मी चार महिन्यांपूर्वी ते बटण काढून तिथे गुपचूप पंधराचं बसवलं होतं. शाळेत मी भूगोल शिकवतो. आठवीला 'ऊर्जेची बचत' हा धडा मी फार रंगवून शिकवतो असं मुलं म्हणतात. तर माझं बटण पडलं नाही, सबंध इमारतीचं पडलं. इन्स्पेक्टरांनी तेवढ्यात इमारतीच्या मीटरपेटीला सील ठोकलं, आणि तपासणी संपेपर्यंत अबू नज्मला तिच्या जवळ जाऊ दिलं नाही. त्या वेळी लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यांच्या मध्ये होती, आणि लिफ्टमध्ये उम्म दुरैद होत्या.

कमिटीचे अध्यक्ष हाज मुवफ्फक यांनी आणि मी लोखंडी पहारीने दार उचकटलं तेव्हा मला वाटलं होतं, आत रडारड असेल, निदान मूर्च्छा तरी. उम्म दुरैद मांडी घालून बसल्या होत्या. मांडीवर परात होती, आणि काळोखात त्या दोन्ही तळव्यांमध्ये किश्क चोळत होत्या. आमच्याकडे बघून म्हणाल्या, "आत वारा नाही. बसून राहिले असते तर आंबलं असतं." परात आधी हाज मुवफ्फकांच्या हातात दिली, मग स्वतः बाहेर आल्या.

किश्क म्हणजे आमच्या खोऱ्याचा हिवाळा. गव्हाचा भरडा दह्यात नऊ दिवस मुरवायचा, रोज मळायचा, मग गच्चीवर पांढऱ्या चादरी अंथरून त्यावर गोळे मांडायचे, सात दिवस कडक उन्हात वाळवायचे आणि चोळून चोळून पीठ करायचं. बाहेर बर्फ पडत असताना लसणाच्या फोडणीत त्याची पेज रटरटते तेव्हा शेजारचा कट्टर शत्रूही दार ठोठावतो. हे वाळवण घरोघर होत असे. आता वीस-पंचवीस घरांचं मिळून एकट्या उम्म दुरैद करतात, कारण बाकीच्यांच्या गुडघ्यांना गच्ची झेपत नाही आणि सुनांना चोळायला वेळ नाही. त्यांचा मुलगा दुरैद ब्राझीलमध्ये आहे. आमच्याकडच्या निम्म्या आयांचे मुलगे ब्राझीलमध्येच असतात. तो दर वर्षी विमानाचं तिकीट पाठवतो आणि फोनवर सांगतो की आई, आता तिथे काय ठेवलंय. दर वर्षी त्या एकच उत्तर देतात, की एवढ्या लोकांचं किश्क कोण करणार. त्या उत्तरावर त्यांचं जुब जन्नीनमधलं सगळं राहणं उभं होतं. सत्तरीची बाई उगीचच एकटी राहते असं म्हटलं की मुलाचं बरोबर ठरतं; तिच्यावाचून वीस घरांचं अडतं म्हटलं की मुलगा गप्प बसतो.

लिफ्टमधून बाहेर आलेल्या उम्म दुरैद जिना उतरून थेट अबू नज्मकडे गेल्या आणि माझी तार काढ म्हणाल्या. अबू नज्मच्या हयातीत मोटरची तार वाढवून मागायला पुष्कळ आले होते. काढायला सांगणारं माणूस त्याने पाहिलं नव्हतं. त्याला वाटलं ह्या संतापल्या आहेत. त्याने गोड बोलून पाहिलं, कॉफी पाजली. त्या कॉफी प्यायल्या आणि त्यांनी तार काढून घेतली. जी वीज मला अधांतरी टांगते ती माझ्या घरात नको, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. त्या दिवसापासून त्या पहिल्या मजल्यावरून पाचव्या मजल्यावरच्या गच्चीपर्यंत जिन्याने जातात. फ्रिजमध्ये त्यांनी भरडा भरून ठेवला. उंदीर लागत नाहीत म्हणे. चक्क्याचे गोळे तेलात, मांस चरबीत, वांगी अक्रोड भरून बरणीत, आणि दोन तास सरकार येतं तेवढ्यात चार्ज केलेला एक दिवा, एवढ्यावर त्यांचं चालू लागलं. आम्हाला हे पंधरा दिवस टिकेल असं वाटलं होतं. ते वर्षभर टिकलं, आणि त्याचा आम्हाला विसर पडला. आपल्याला न लागणाऱ्या माणसाचा विसर पटकन पडतो.

मग सोलर आलं. एका परदेशी संस्थेने आमच्या इमारतीच्या गच्चीवर चोवीस पॅनल फुकट बसवून द्यायचं ठरवलं. त्यांची अट एवढीच की दहाही घरांच्या सह्या हव्यात, आणि कुणाला किती वीज द्यायची ते घराघराच्या गेल्या बारा महिन्यांच्या वापरावर ठरेल. ज्याचा वापर जास्त त्याला वाटा जास्त, कारण त्याची गरज जास्त. कागदावर हे मोठं शास्त्रीय वाटत होतं. कमिटीचा चिटणीस मी, म्हणून तक्ता मीच भरला. अबू नज्मच्या वहीतून एकेका घराचा आकडा उतरवत गेलो आणि सर्वांत मोठा आकडा माझाच निघाला. पंधराच्या बटणाची ती कृपा. उम्म दुरैदच्या नावापुढे बारा महिने शून्य होतं. बारा शून्यांची बेरीज मी दोनदा केली. सवय.

तेव्हाच मला कळायला हवं होतं. कळलंही असेल. पण मला डोळ्यांसमोर एअर कंडिशनर दिसत होता.

सहीसाठी मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा त्या बरणीत ऑलिव्ह दाबून बसवत होत्या. मी कागद वाचून दाखवला. सुरुवातीलाच, कुठल्याशा वकिलाने घातलेलं एक वाक्य होतं: गच्ची आणि गच्चीवरचं ऊन ही दहाही घरांची समाईक आणि समान मालमत्ता आहे. तिथे त्यांनी मला थांबवलं आणि पुन्हा वाचायला सांगितलं. मी वाचलं. दहाही घरांत माझं आलं का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, आलंच की. मग त्यांनी विचारलं, माझ्या वाळवणाचं काय. मी म्हटलं, बघू, एखादा कोपरा काढू.

हा 'बघू' हल्ली माझ्या स्वप्नात येतो.

त्यांनी सही केली आणि कागदाची एक प्रत मागून घेतली. मला वाटलं घरात रद्दी लागत असेल.

मे महिन्यात पॅनल बसले. झाहलेहून रनीम नावाची तरुण इंजिनीअर आली होती. तिने फीत घेऊन गच्ची मापली आणि चोवीस पॅनल दोन रांगांत असे चपखल बसवले की कोपरा काय, कबुतराला पाय टेकायला जागा उरली नाही. मी कोपऱ्याचा विषय काढणार होतो. पण त्याच दिवशी आमच्या घरात दुपारी दोन वाजता, सरकार नसताना आणि मोटरचा आवाज नसताना, गार वाऱ्याचा झोत आला, आणि माझं तोंड जे उघडलं ते 'वा' म्हणायलाच.

तो उन्हाळा आम्ही उधळलो. फुकटच्या उन्हाने माणूस किती बिघडतो ते मी आठवीच्या धड्यात आता घालणार आहे. माझी बायको हयाम मोज्यांना इस्त्री करू लागली. हाज मुवफ्फकांनी बाल्कनीत, उघड्या बाल्कनीत, एअर कंडिशनर लावला. म्हणाले, बाहेर बसलं की उकडतं. तिसऱ्या मजल्यावर केक भाजण्याची साथ आली. अबू नज्म शेडच्या दारात खुर्ची टाकून वर बघत बसायचा आणि कुणी दिसलं की, पुरवून वापरा, सूर्याचंही डिझेल संपतं कधीतरी, असं म्हणायचा. उम्म दुरैदच्या घरी मात्र एकही तार गेली नव्हती. शून्याचा वाटा शून्य. त्यांनी एका शब्दाने विचारलं नाही, आणि न विचारणाऱ्याला उत्तर देण्याची पद्धत आमच्या कमिटीत नाही.

सप्टेंबर आला. एका मंगळवारी सकाळी दहा वाजता माझा एअर कंडिशनर उचकी लागल्यासारखा झाला आणि बंद पडला. वरून मुवफ्फक ओरडले, खालून केकवाल्या ओरडल्या. इन्व्हर्टर जिन्याखाली लाल डोळा मिचकावत कुईकुई करत होता. आकाश निळंभोर, ऊन डोक्यात जाणारं, आणि वीज निम्म्याहून कमी. आम्ही रनीमला फोन केला. ती दुपारी आली. तिने वायरी पाहिल्या, इन्व्हर्टर पाहिला, धूळ बसली असेल म्हणाली, आणि जिना चढू लागली. तिच्यामागे मुवफ्फक, त्यांच्यामागे मी, माझ्यामागे हयाम, आणि सगळ्यांच्या मागे, बिनबोलावता, अबू नज्म.

रनीमने गच्चीचं दार ढकललं आणि तिथेच उभी राहिली. तिच्या खांद्यावरून मी पाहिलं. पाहिल्यावर मला पहिल्यांदा वाटलं की मला ऊन लागलं आहे.

पॅनलवर चादरी होत्या. पांढऱ्याशुभ्र, कडक धुतलेल्या चादरी. चौकटींना कपड्यांच्या चिमट्यांनी घट्ट बसवलेल्या. आणि चादरींवर ओळीने, एकमेकांना शिवणार नाहीत अशा बेताने, किश्कचे शेकडो गोळे. उतारावरून घरंगळू नयेत म्हणून खालच्या कडेला टॉवेलची वळकटी लावली होती. बाजूला उलट्या बादलीवर बसून उम्म दुरैद एका फडक्याने चिमण्या हाकत होत्या.

मुवफ्फकांचा हात वर गेला होता तो तसाच राहिला. एवढ्या किमतीच्या, परदेशातून आलेल्या काचेवर दह्याचे गोळे, हे दृश्य आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात मावत नव्हतं. मग मला आणखी एक गोष्ट दिसली. चोवीसपैकी सगळे पॅनल झाकलेले नव्हते. दोन पूर्ण झाकले होते आणि तिसरा निम्म्याहून थोडा कमी. त्या तिसऱ्यावर दोरा ताणून रेघ आखलेली होती, आणि रेघेच्या पलीकडे एक गोळासुद्धा नव्हता. चोवीस भागिले दहा. भूगोलाचा शिक्षक असलो तरी एवढं गणित मला येतं.

रनीमने डोकं धरलं. तिने सांगितलं की हे पॅनल माळेसारखे एकामागे एक ओवलेले असतात. एकावर सावली पडली की ती त्याच्या सबंध रांगेला भोवते. बाईंनी एक पॅनल या रांगेतला घेतला होता आणि जवळजवळ दीड त्या रांगेतला, म्हणून दोन्ही रांगा लंगड्या झाल्या. उम्म दुरैद लक्षपूर्वक ऐकत होत्या. म्हणाल्या, हे मला ठाऊक नव्हतं. एकाच रांगेवर भार नको म्हणून मी वाटून घेतलं.

मुवफ्फकांना आता वाचा फुटली. त्यांनी पुष्कळ ऐकवलं. इमारतीची मालमत्ता, संस्थेचा विश्वास, दहीकाला, असं बरंच. शेवटी म्हणाले की ज्यांनी वर्षभर एक युनिट वापरलं नाही त्यांचा वाटा शून्य आहे, तो कागदावर लिहिलेला आहे.

उम्म दुरैदनी फडकं खाली ठेवलं. त्यांचा आवाज चढला नाही.

"हाज, मी वापरलं नाही ते तुमच्याच ताटात गेलं. आणि आता म्हणता, ही जेवत नाही, हिचं ताट उचला?"

मग त्यांनी झग्याच्या खिशातून घडी घातलेला कागद काढला, माझ्याकडे दिला आणि ते वाक्य वाचा म्हणाल्या. मी वाचलं. समाईक आणि समान. चिमण्या किश्कवर उतरल्या तरी त्या क्षणी त्यांना कुणी हाकललं नाही. समोरच्या माणसाला वाचून दाखवलेलं वाक्य त्याने शब्दशः खरं मानलं, याचा एवढा धक्का बसावा, याचं मला स्वतःलाच नवल वाटत होतं.

"अहो पण इतका वाटा ह्यांना मिळालाच कसा ते विचारा आधी," असं मागून हयाम म्हणाली. हे 'ह्यांना' म्हणजे मला. "ह्यांनी बटण बदललंय. पंधराचं आहे."

माझ्या संसारात मी बरेच धक्के खाल्ले आहेत, पण उघड्या गच्चीवर, भर उन्हात, अबू नज्मच्या देखत खाल्लेला हा पहिलाच. अबू नज्मच्या चेहऱ्यावर असा काही प्रकाश पसरला की तो एकटाच इमारत चालवू शकला असता. मुवफ्फक माझ्याकडे बघत राहिले. मी गच्चीवरून दिसणारे डोंगर पाहू लागलो. भूगोलाचा एवढा उपयोग मला कधी झाला नव्हता.

या सगळ्यात रनीमने एक गोळा उचलून दाबून पाहिला होता. किती दिवस झाले, असं तिने विचारलं. आज सकाळपासून, असं उम्म दुरैद म्हणाल्या. ती म्हणाली, अर्ध्या दिवसात इतकं सुकलं? त्या म्हणाल्या, तुझी काच तापते छान. खालच्या फरशीला हे जमत नव्हतं. पोरीला हसू आवरेना. मग तिने गंभीर होऊन सांगितलं की आंबट आणि खारट ओल चौकटीत गेली तर गंज धरेल, काचेवर हे चालणार नाही. यावर उम्म दुरैद पहिल्यांदाच गडबडल्या. त्या गोळ्यांकडे पाहू लागल्या. नऊ दिवस मुरलेलं, आज उचललं तर वाया जाणारं, वीस घरांचं किश्क होतं ते. आणि सप्टेंबरचं शेपूट ओलं असतं अशी आमच्याकडे म्हणच आहे. थांबायला दिवस नव्हते. त्या हळूच म्हणाल्या, "मग दुरैदला तिकीट पाठव म्हणू का?"

हे त्यांनी कुणाला विचारलं नव्हतं. पण ते सगळ्यांना ऐकू गेलं. मला वाटतं मुवफ्फकांनासुद्धा, कारण त्यांच्या घरची किश्कची बरणी वर्षानुवर्षं उम्म दुरैदच भरतात.

संध्याकाळी कमिटी बसली. मी तक्ता फाडला. चिटणीसपदाच्या काळात मी केलेलं हे एकमेव उपयोगी काम. वाटे दहा घरांचे सारखे ठरले. रनीमने सांगितलं की पश्चिमेकडचे चार पॅनल ती वेगळ्या खटक्यावर घेईल. किश्कच्या दिवसांत ते बंद करून त्यांच्यावर फळ्या टाकायच्या, फळ्यांवर चादरी, म्हणजे काचेला ओल लागणार नाही. त्या दिवसांत एअर कंडिशनर सगळ्यांचेच बंद. मुवफ्फकांनी बाल्कनीबद्दल सवलत मागून पाहिली आणि केकवाल्यांनी त्यांना गप्प केलं. माझं बटण अबू नज्मने स्वतः येऊन बदललं, आणि जाताना पंधराचं बटण खिशात घालून घेऊन गेला. ते त्याने शेडमध्ये खिळ्याला टांगलं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ठराव टाइप करून, सही-शिक्क्यासकट, उम्म दुरैदच्या दारात गेलो. फळ्या रात्रीतच चढल्या होत्या. त्या चाळण धूत होत्या. मी उभ्या उभ्या वाचून दाखवलं. कमिटी एकमताने ठरवते की दर वर्षी सप्टेंबरात सात दिवस पश्चिमेकडच्या चार पॅनलांचं ऊन उम्म दुरैद यांना वाळवणासाठी मिळेल. 'एकमताने' हा शब्द मी जरा ठासून वाचला, हे मान्य करायला हरकत नाही. वाचून झाल्यावर मी विचारलं, आता तरी आमच्यावरचा राग गेला ना.

त्यांनी चाळणीतलं पाणी झटकलं आणि म्हणाल्या, "ढग आला तो दिवस सातात धरायचा नाही."